किम्बर्ली वॉल्शचा 'सेंटर स्टेज': सेफ वाटलेला रस्ता किती सेफ होता?

गर्ल्स अलाउड हे नाव आपल्याकडे स्पाइस गर्ल्सइतकं कधी पोचलंच नाही, त्यामुळे आधी चार ओळी त्यावर. २००२ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही चॅनलवर 'पॉपस्टार्स: द रायव्हल्स' नावाचा शो झाला, लोकांच्या मतांवर एक मुलींचा आणि एक मुलांचा असे दोन ग्रुप बनवले आणि ख्रिसमसच्या आठवड्यात नंबर वन कोण होतंय यावर दोघांची झुंज लावून दिली. मुलींनी बाजी मारली, मुलांचा ग्रुप लवकरच बंद पडला आणि मुली मात्र टिकल्या. शेरिल, नदीन कॉयल, सारा हार्डिंग, निकोला रॉबर्ट्स आणि किम्बर्ली वॉल्श. रिॲलिटी शोमधून निघालेल्या ग्रुपचं आयुष्य साधारण दीड-दोन वर्षं असतं, यांची सलग २० सिंगल्स टॉप १० मध्ये गेली, २००९ मध्ये 'अनटचेबल' ११ व्या नंबरवर अडकलं तेव्हा कुठे ती रांग तुटली.

आता यातली किम्बर्ली. १९८१ चा जन्म, गाव ब्रॅडफर्ड, यॉर्कशायर. लहानपणापासून स्टेजवर, 'ले मिझराब्ल'मध्ये छोटी कोझेटही झालेली. शोमध्ये ती पहिल्या दहांत आलीच नव्हती, वरच्या दोन मुली बाहेर पडल्या म्हणून ती आणि निकोला आत आल्या. हे लक्षात ठेवा, कारण या दोघींची तुलना पुढे परत येणार आहे. आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तिचा पहिला सोलो अल्बम आला, डेका रेकॉर्ड्सकडून, नाव 'सेंटर स्टेज', आत सगळी म्युझिकल थिएटरची कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची आधीची गाणी. स्वतःचं नवीन गाणं एकही नाही. ब्रिटनच्या अल्बम चार्टवर १८ वा नंबर. त्यानंतर आजतागायत तिचा दुसरा सोलो अल्बम नाही.

वरवर बघितलं तर यात काही बघण्यासारखं नाही, पॉपवाली बाई थिएटरमध्ये गेली, थिएटरची गाणी म्हणून सीडी काढली, बरी चालली, संपलं. पण मला हे प्रकरण इंटरेस्टिंग वाटतं ते यासाठी की निर्णय घेताना प्रत्येक पायरीवर सगळ्यात समंजस पर्याय निवडला गेलाय, आणि सगळे समंजस पर्याय एकावर एक ठेवल्यावर जे तयार झालं त्यात गाणारी व्यक्तीच थोडी पुसट झाली.

चौघींचे चार रस्ते

२००९ मध्ये ग्रुपने ब्रेक घेतला. शेरिल आधीच 'एक्स फॅक्टर'ची जज म्हणून घराघरात पोचलेली, तिचं 'फाइट फॉर धिस लव्ह' नंबर वन, त्यामागून आलेला 'थ्री वर्ड्स' अल्बमही नंबर वन. तिच्याशी कुणाची बरोबरी नव्हती, कारण तिच्यामागे दर वीकेंडला टीव्ही होता. ग्रुपमधला सगळ्यात तगडा आवाज नदीनचा, बहुतेक गाण्यांचा कठीण भाग तिच्याच गळ्यात पडायचा, पण तिने स्वतःचं लेबल काढून २०१० मध्ये 'इन्सेशिएबल' आणला आणि सीडी विकायला ठेवली फक्त टेस्को सुपरमार्केटमध्ये. अल्बम ४७ व्या नंबरवर. निकोलाने २०११ मध्ये 'सिंड्रेलाज आइज' काढला, इलेक्ट्रॉनिक, थोडा तिरपागडा, स्वतःच्या अनुभवातून लिहिलेला, डिप्लोसारखे प्रोड्यूसर घेऊन. समीक्षकांनी उचलून धरला, सिंगल्स फार चालली नाहीत, अल्बम १७ व्या नंबरवर गेला.

म्हणजे किम्बर्लीची वेळ आली तेव्हा समोर तीन उदाहरणं तयार होती. टीव्हीचं पाठबळ असेल तर पॉप चालतं. नुसता आवाज चांगला असून भागत नाही. आणि स्वतःचं काही वेगळं केलं तर कौतुक होतं पण पैसे मिळतीलच असं नाही. यातून कुणीही शहाणा मॅनेजर काय निष्कर्ष काढेल? की पॉपमध्ये उडी मारू नकोस, तुझ्याकडे जे दुसरीकडे कुणाकडे नाही ते वापर.

आणि तिच्याकडे तसं काहीतरी होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिने लंडनच्या थिएटर रॉयल ड्रुरी लेनमध्ये 'श्रेक द म्युझिकल'मधली राजकन्या फियोनाची भूमिका हाती घेतली, अमांडा होल्डननंतर, आणि मे २०१२ पर्यंत केली. वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांच्या भागात, आठवड्याला आठ शो असतात. दोन हजारांच्या वर सीट्सचं जुनं प्रचंड थिएटर. फियोनाचा रोल दिसतो तितका सोपा नाही. 'मॉर्निंग पर्सन' हे गाणं घ्या, सुरुवातीला राजकन्या पक्ष्याबरोबर सूर लावते, तो सूर इतका वर जातो की पक्षीच फुटतो, आणि मग बाई उंदरांच्या ताफ्याबरोबर टॅप डान्स करतात, तो चालू असताना गायचंही आहे, आणि दम लागलेला दिसला तर विनोद मेला. पुढे श्रेकबरोबर ढेकरांची आणि पादण्याची जुगलबंदीही आहे. हे सगळं सहा-सात महिने रोज केलेली गायिका ही २००९ च्या व्हिडिओमध्ये उजवीकडून दुसरी उभी असलेली मुलगी राहिलेली नसते.

स्टुडिओतला आवाज आणि स्टेजवरचा आवाज

इथे थोडं थांबतो, कारण प्रकरणाचा खरा गाभा माझ्या मते हा आहे.

गर्ल्स अलाउडची जवळजवळ सगळी गाणी झेनोमेनिया या टीमने केली, ब्रायन हिगिन्स, मिरांडा कूपर वगैरे मंडळी, केंटमधल्या एका घरात बसून. त्यांची पद्धत अशी की पूर्ण गाणं लिहून मग गायिकेला बोलवायचं असं नाही, वेगवेगळ्या ट्रॅकवर सुरावटींचे तुकडे रेकॉर्ड करायचे, शेकडो तुकडे, आणि मग त्यातले चांगले उचलून एकमेकांना जोडायचे. 'बायॉलॉजी' हे त्यांचं २००५ चं गाणं ऐका, तीन-चार वेगळी गाणी एकामागे एक लावल्यासारखं आहे, मुख्य कोरस यायलाच कितीतरी वेळ लागतो आणि तरी कंटाळा येत नाही. भारी काम आहे ते. पण गायिकेच्या बाजूने बघा. तिला एक ओळ, दोन ओळी, कधी एक कडवं, तेही अनेक टेकमधून निवडलेलं, आणि शेजारी चार आवाज. अशा पद्धतीत दहा वर्षं गायलेल्या माणसाला गाण्याची सुरुवात, मध्य, शेवट एकटीने उचलून धरायची वेळच येत नाही.

थिएटरचं गाणं नेमकं उलट मागतं. तिथे पात्र गाण्याच्या सुरुवातीला एका ठिकाणी असतं आणि शेवटी दुसऱ्या ठिकाणी पोचतं. पहिल्या ओळीत आवाज राखून ठेवावा लागतो कारण शेवटच्या ओळीत तो लागणार असतो. किम्बर्लीने हे 'श्रेक'मध्ये करून दाखवलं होतं, फक्त ते ऐकायला तिकीट काढून ड्रुरी लेनला जावं लागत होतं. ज्या लाखो लोकांनी गर्ल्स अलाउडच्या सीडी घेतल्या त्यांना तिचा सलग साडेतीन मिनिटांचा आवाज माहीतच नव्हता. त्यामुळे 'मला पूर्ण गाणं गाता येतं' हे सिद्ध करायला थिएटरची गाणी हा पर्याय अगदी बरोबर होता. यात माझा काही वाद नाही.

वाद पुढे सुरू होतो. गाता येतं हे सिद्ध झालं, बरं, पुढे? तुला काय म्हणायचंय?

आपल्याकडे मैफलीत नाट्यपद घेतलं की मूळ नाटक कुणी पाहिलेलं नसतं तरी अडत नाही, कारण गायकाला त्यात आलाप, ताना, जागा घ्यायची मोकळीक असते आणि तेच पद प्रत्येकाच्या गळ्यात वेगळं होतं. वेस्ट एंडच्या गाण्याला ती मोकळीक फार कमी. सूर ठरलेले, शब्दांची जागा ठरलेली, शेवटची लांब नोट कुठे धरायची तेही ठरलेलं, आणि ती नोट नाही धरली तर लोक म्हणणार जमलं नाही. मग वेगळेपणा आणायचा कुठून? एक तर अरेंजमेंट पूर्ण फिरवायची, किंवा पट्टी बदलायची, किंवा शब्दांकडे इतकं वेगळं बघायचं की जुनं गाणं नव्याने ऐकू येईल. बार्बरा स्ट्रायसँडने १९८५ च्या 'द ब्रॉडवे अल्बम'मध्ये तेच केलं, मूळ गीतकार-संगीतकार स्टीव्हन साँडहाइमकडून 'पुटिंग इट टुगेदर'चे शब्दच बदलून घेतले, मूळ गाणं चित्रकाराच्या पैशांच्या कटकटीवर होतं ते रेकॉर्ड कंपनीशी चालणाऱ्या कटकटीवर नेलं, आणि सुरुवातीला कंपनीवाल्यांचे नाराज आवाजही टाकले. अमेरिकेत नंबर वन गेला तो अल्बम. अर्थात स्ट्रायसँड ही ब्रॉडवेवरूनच आलेली आणि तोपर्यंत तिच्या शब्दाला वजन होतं, पहिल्याच सोलो अल्बमला कुणी साँडहाइमला फोन लावू शकत नाही हे मान्य. पण मुद्दा अरेंजमेंटचा आणि हेतूचा आहे, आणि त्याला फोन लागत नाही.

'सेंटर स्टेज'ने बहुतेक ठिकाणी ओळखीचा रस्ता धरला. ऑर्केस्ट्रा, हळू सुरुवात, भरत जाणारा मध्य, मोठा शेवट. आवाज स्वच्छ, सुरात, उच्चार छान, मधल्या पट्टीत उबदार. ऐकायला त्रास काहीच नाही. त्रास नाही हीच अडचण.

पहिलं गाणं कुठलं निवडलं

लीड सिंगल होतं 'वन डे आय विल फ्लाय अवे'. या निवडीवर मी बराच विचार केलाय कारण ती एकाच वेळी हुशार पण आहे आणि घोटाळा पण.

हे गाणं मुळात थिएटरचं नाहीच. जो सँपल आणि विल जेनिंग्ज यांनी लिहिलं, १९८० मध्ये रँडी क्रॉफर्डने गायलं आणि ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. सोल-जॅझच्या घराण्यातलं गाणं. २००१ मध्ये बाझ लुरमनच्या 'मूलाँ रूझ' सिनेमात निकोल किडमनच्या सॅटीनने ते गायलं, रात्री, एकटी, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात ते म्युझिकलचं गाणं झालं. २०१३ मध्ये 'मूलाँ रूझ'चं स्टेज म्युझिकल अस्तित्वातही नव्हतं, ते आलं २०१८ मध्ये. म्हणजे स्टेजच्या गाण्यांचा अल्बम, आणि दारात उभं केलेलं गाणं स्टेजचं नाही.

हुशारी कुठे? तुलनेच्या पातळीत. समजा तिने लीड सिंगल म्हणून 'कॅट्स'मधलं 'मेमरी' काढलं असतं, तर १९८१ मध्ये लंडनच्या स्टेजवर ते पहिल्यांदा गाणारी इलेन पेज समोर उभी. 'ले मिझराब्ल'मधलं 'ऑन माय ओन' काढलं असतं तर लंडनमध्ये १९८५ पासून जितक्या एपोनीन (हे गाणं म्हणणारं पात्र) झाल्या त्या सगळ्या. त्यात जानेवारी २०१३ मध्ये 'ले मिझराब्ल'चा सिनेमा ब्रिटनमध्ये लागलेला, सेटवर लाइव्ह गायलेली गाणी, सामंथा बार्क्सने पावसात भिजत गायलेलं 'ऑन माय ओन' नुकतंच लोकांनी थिएटरात बसून पाहिलेलं. त्या महिन्यात तेच गाणं घेऊन टीव्हीवर जाणं म्हणजे उगाच स्वतःच्या पायावर धोंडा. किडमन मात्र मुळात गायिका नाही, तिचा आवाज पातळ, श्वासाचा, त्यामुळे सिनेमातलं व्हर्जन लोकांना आवडतं पण कुणी त्याला भीत नाही. एखाद्या पॉप गायिकेला तिथे जागा आहे.

घोटाळा असा की रँडी क्रॉफर्डला सगळे विसरले. तिचं मूळ रेकॉर्डिंग लावून बघा, ती गाण्याला ढकलतच नाही, तालाच्या किंचित मागे रेंगाळत गाते, आणि त्या रेंगाळण्यातच उडून जायची इच्छा आणि न जमण्याची खात्री दोन्ही येतात. डिस्को, सोल, डान्स या सगळ्यातून वर आलेल्या पॉप मुलीकडे खरं तर या व्हर्जनकडे जायचा सरळ रस्ता होता. तिने दहा वर्षं तालावर काम केलं होतं! ते सगळं बाजूला ठेवून गाणं सिनेमाच्या बाजूने घेतलं, तारवाद्यं, हळुवार, भव्य. एका गाण्यात दोन दारं होती आणि जास्त ओळखीचं दार उघडलं. सिंगल काही गाजलं नाही.

डेका का, आणि फेब्रुवारी का

डेका म्हणजे तीच कंपनी जिने बीटल्सना नाही म्हटलं होतं, पण या काळात तिची ओळख वेगळी, पाश्चात्त्य शास्त्रीय आणि त्याच्या आसपासचं, आल्फी बोसारखे लोक. यांचा गिऱ्हाईक वर्ग कोण? रेडिओवर आठवड्याला नवीन काय आलं ते बघणारी पोरं नव्हेत. चाळिशी-पन्नाशीपुढचे, सीडी विकत घेणारे, थिएटरला जाणारे, आईला गिफ्ट देणारे. ब्रिटनमध्ये त्या वर्षी मदर्स डे १० मार्चला होता, आणि अल्बम ४ फेब्रुवारीला आला, गणित स्पष्ट आहे.

आणि त्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायची शिडीही मिळालेली. २०१२ च्या शरद ऋतूत ती बीबीसीच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'मध्ये होती, पाशा कोवालेव्हबरोबर, डिसेंबरमध्ये फायनलपर्यंत गेली आणि उपविजेती ठरली, जिंकला जिम्नॅस्ट लुई स्मिथ. हा शो म्हणजे शनिवारी संध्याकाळी अख्खं घर एकत्र बसून बघतं असा, कोटीच्या वर प्रेक्षक. तीन महिने दर आठवड्याला हसतमुख, मेहनती, नीट वागणारी किम्बर्ली त्यांच्या दिवाणखान्यात. सहा आठवड्यांनी सीडी दुकानात. कागदावर याहून चांगला प्लॅन कुणी करून दाखवावा.

पण त्याच वेळी दुसरीकडे काय चाललं होतं बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये गर्ल्स अलाउड दहा वर्षांच्या निमित्ताने परत एकत्र. 'समथिंग न्यू' सिंगल दुसऱ्या नंबरवर, मग हिट्सचा अल्बम 'टेन', आणि मग दुसरं सिंगल जे थेट ९७ व्या नंबरवर आपटलं. टूर सुरू झाली २१ फेब्रुवारी २०१३ ला न्यूकॅसलमध्ये. म्हणजे सोलो अल्बम आला आणि तिसऱ्या आठवड्यात गायिका चमचमत्या कपड्यात बाकी चौघींबरोबर एरिनामध्ये ग्रुपचं 'द प्रॉमिस' म्हणतेय. टूरचा शेवटचा शो २० मार्चला लिव्हरपूलला, आणि त्याच रात्री ग्रुप कायमचा संपला अशी घोषणा. त्या महिन्यात पेपरमध्ये किम्बर्लीचं नाव आलं ते ग्रुप का फुटला याच्या बातम्यांमध्ये, अल्बमबद्दल कोण विचारणार.

शिवाय एचएमव्ही ही ब्रिटनची सगळ्यात मोठी म्युझिक दुकानांची साखळी १५ जानेवारीला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दुकानं लगेच बंद झाली नाहीत, पण जो अल्बम मुळात सीडी हातात घेऊन बघणाऱ्या लोकांसाठी बनवलाय त्याच्या रिलीजच्या तीन आठवडे आधी हे होणं म्हणजे वाईट टायमिंगची कमाल. यात तिचा किंवा कंपनीचा काय दोष म्हणा.

१७ आणि १८

आता ते दोन नंबर शेजारी ठेवू. निकोलाचा अल्बम, सगळे सल्ले धुडकावून केलेला, सिंगल्स रखडलेली, १७. किम्बर्लीचा अल्बम, वेस्ट एंड, स्ट्रिक्टली, डेका, मदर्स डे सगळं मागे उभं, १८. मान्य आहे की चार्टवरचा नंबर म्हणजे खप नव्हे, प्रत्येक आठवड्याची स्पर्धा वेगळी, वर्षही वेगळी. तरीपण जो रस्ता धोका कमी करण्यासाठी निवडला त्याने त्या धोक्याच्या रस्त्याहून जास्त काही मिळवून दिलं नाही हे दिसतंच. आणि दहा वर्षांनी काय उरलं बघितलं तर फरक आणखी मोठा, निकोलाच्या अल्बमवर अजून लोक हिरिरीने बोलतात, 'सेंटर स्टेज' बहुतेक फॅन्सच्या शेल्फवर आहे पण वाद घालायला कुणी तो काढत नाही.

इशारा आधीच मिळाला होता हेही सांगायला हवं. सप्टेंबर २०१२ मध्ये, म्हणजे पाचच महिने आधी, स्पाइस गर्ल्सच्या मेलानी सीने 'स्टेजेस' नावाचा असाच म्युझिकल कव्हर्सचा अल्बम काढला होता. ती तर 'ब्लड ब्रदर्स'मध्ये मिसेस जॉन्स्टन करून ऑलिव्हिये या ब्रिटिश थिएटर अवॉर्डच्या नामांकनापर्यंत गेलेली. तो अल्बम टॉप ४० च्या बाहेरच राहिला. पण मेलानीचा तो सहावा अल्बम होता, तिचं स्वतःचं काय ते आधी लोकांना माहीत होतं, त्यामुळे तिला ती एक हौस परवडली. पहिल्याच अल्बमला कव्हर्स करणाऱ्याला ते परवडत नाही, कारण पुढच्या अल्बमचं कुतूहल तयारच होत नाही. 'हिला अजून काय सांगायचं असेल' हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आला तर दुसरा अल्बम विकला जातो.

माझ्या हातात असतं तर मी दोनच गोष्टी बदलल्या असत्या. एक, अल्बम टूर संपल्यावर शरद ऋतूत, ग्रुप नाही म्हटल्यावर लोकांना तिच्याबद्दल जरा हळहळ वाटत असताना. दुसरी, निम्मी गाणी पॉपच्या बाजूने ओढायची, तालावर, सिंथवर, तिच्या स्वतःच्या दहा वर्षांच्या सवयीवर, म्हणजे थिएटरवाले थोडे नाराज झाले असते पण ते व्हर्जन फक्त तिचंच असतं. स्टेजवरच्या मुली पॉप करायला येतात आणि पॉपवाल्या मुली स्टेजवर जातात, पण स्टेजचं गाणं पॉप स्टुडिओत मोडून पुन्हा जोडणारी बाई तेव्हा तिथे दुसरी कुणी नव्हती, आणि हिला ते तुकडे जोडायचं तंत्र आतून माहीत होतं.

मात्र अल्बमला फेल म्हणायला माझा हात धजत नाही. नाटकवाल्यांच्या नजरेत तिचं काम झालं. २०१५ मध्ये डॉमिनियन थिएटरला 'एल्फ', २०१९ मध्ये तिथेच 'बिग', २०२० मध्ये कोविडच्या मध्यात वेंब्ली पार्कला 'स्लीपलेस', तेही कलाकारांच्या रोज टेस्ट करून, लंडनची बाकी बहुतेक थिएटर्स कुलूपबंद असताना. २०२४ मध्ये उरलेल्या चौघी साराच्या आठवणीत परत टूरवर गेल्या, सारा २०२१ मध्ये कॅन्सरने गेली. म्हणजे स्टेज चालू राहिलं, ग्रुपही एका अर्थाने चालू राहिला, फक्त सोलो रेकॉर्डिंगचा रस्ता तिथेच थांबला.

कुणाला ऐकायचाच असेल तर एक सुचवतो, आधी रँडी क्रॉफर्ड, मग किडमन, मग किम्बर्ली अशी तिन्ही व्हर्जन्स लागोपाठ लावा, हेडफोन घालून. शेवटच्या कडव्यात किम्बर्ली आवाज मोकळा सोडते तेव्हा ड्रुरी लेन ऐकू येतं.